चपला घालून या

मला राग पटकन येतो. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाईंनी उगाच आरडाओरडा केला. आरडाओरडा मी केलाच, आणि तो करायलाच हवा होता.

मी आर्किटेक्ट आहे. माझं ऑफिस सावंतवाडीत, तळ्याच्या वरच्या अंगाला एका जुन्या माडीवर. इतकी वर्षं मी काय केलं? मुंबईकरांची सुट्टीतली घरं, दोन शाळा, एका सोसायटीचं काजूचं गोदाम, आणि एकदा एका गृहस्थाच्या हट्टापायी चक्क बोटीच्या आकाराचं हॉटेल. त्या हॉटेलाबद्दल कोणी विचारलं तर मी विषय बदलते. पण माझ्या स्वतःच्या गावात मी साधी एक भिंतही उभी केली नव्हती. गाव मालवणच्या किनाऱ्यावर, तोंडवलीच्या वाटेवर. तिथे समुद्राला लागून, रस्ता आणि वाळू यांच्या मध्ये, सरकारी मालकीचा एक मोठा मोकळा तुकडा होता. एका कोपऱ्यात पडकी वखार, मधोमध एक जुनं उंडीचं झाड, बाकी सगळी मोकळीक. त्या जागेवर सांस्कृतिक केंद्र करायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं. त्या दिवशी मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले आणि उरलेले स्वतःच खाल्ले.

पहिल्याच बैठकीत ठिणगी पडली. कामावर नेमलेले जिल्ह्याचे साहेब माणूस वाईट नव्हते. हुशार होते, वेळेवर यायचे, चहा प्यायल्यावर कप स्वतः बाजूला ठेवायचे. पण त्यांच्या मोबाइलमध्ये कुठल्यातरी परदेशातल्या इमारतीचा फोटो होता. समुद्राकडे तोंड करून उभी असलेली अख्खी काचेची इमारत, वर शिडासारखं छप्पर. तो फोटो त्यांनी मला इतक्या प्रेमाने दाखवला की क्षणभर मला त्यांची दयाच आली.

"मॅडम, असं काहीतरी. पर्यटक रस्त्यावरून बघून थांबला पाहिजे."

"थांबेल ना," मी म्हटलं. "पण साहेब, हे खारं वारं आहे. दोन पावसाळ्यांत त्या काचेवर मिठाचा थर बसेल. पुसायला माणूस तुम्ही मुंबईहून पाठवणार का?"

बैठकीत कोणीतरी फिसकन हसलं. साहेब हसले नाहीत. मी पुढे बोलतच राहिले, मला थांबता येत नाही. म्हटलं, इमारत छोटी करायची, रस्त्याच्या बाजूला सरकवायची. मधलं सगळं पटांगण मोकळं ठेवायचं, आणि ते रुंद पायऱ्यांनी हळूहळू वाळूत उतरवायचं. कुंपण नाही. फाटक नाही. तिकीट नाही. माणसाने रस्त्यावरून यावं आणि कोणाला न विचारता समुद्रापर्यंत जावं.

"मग सुरक्षेचं काय? स्वच्छतेचं काय?"

"आतापर्यंत काय होत होतं?"

आतापर्यंत सगळं व्यवस्थितच होत होतं. मी लहान असताना त्या तुकड्यावर मासे ओढायची रापणीची जाळी वाळत पडलेली असायची. दुपारी बायका मासळीच्या टोपल्या उतरवून तिथे पाठ टेकायच्या. आम्ही पोरं शाळेतून येताना तिथूनच जायचो, सरळ रस्ता सोडून. 'खंय चाललंस?' असं तिथे कोणी कधी विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी भांडत होते, दुसऱ्या कशासाठी नाही.

सीआरझेडचा नियम माझ्या मदतीला धावून आला. पाण्याच्या इतक्या जवळ पक्कं बांधकाम करताच येणार नाही, असं वरून कळलं आणि काचेची इमारत आपोआप बुडाली. साहेबांनी नाइलाजाने माझा नकाशा पुढे पाठवला. मी त्या दिवशी सावंतवाडीला परतताना गाडीत एकटीच गाणं म्हणत होते, आणि माझा गळा कसा आहे हे ज्यांना माहीत आहे त्यांना माझा आनंद किती होता ते कळेल.

पण घरचा वैरी अजून बाकी होता. तो म्हणजे माझा काका.

काका म्हणजे वडिलांचा धाकटा भाऊ. सगळं आयुष्य दशावतारात काढलेलं, राजाची भूमिका करणारा. अंगाने वाळकुडा, पण तोंड उघडलं की मागच्या वाडीतली कुत्री उठून बसावीत असा आवाज. शिवाय गावच्या मानकऱ्यांपैकी एक. गावात काहीही चांगलं-वाईट असलं की देवाला गाऱ्हाणं घालायचं ते काकाने. लग्न असो, नवी होडी असो, विहीर असो, काका उभा राहतो, देवाला सगळं नीट समजावून सांगतो, आणि गाव मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतं.

मला वाटलं होतं, मोकळं पटांगण म्हटल्यावर काका खूश होईल. दशावतार तर उघड्यावरच होतो. ना पडदा, ना देखावा. एक बाकडं ठेवलं की तेच सिंहासन. मी नकाशा त्याच्यासमोर पसरला. त्याने चष्मा लावला, काढला, परत लावला.

"पडदो खंय आसा?"

"कसलो पडदो?"

"मखमलीचो. लाल. वर जाता तसो." काका माझ्याकडे रोखून बघत म्हणाला, "आयुष्यभर दंवात भिजान नाटका केलंय गो. थंडीन दात वाजत, आणि मी थंय राजा! मुंबयच्या थेटरात एकदा नाटक केला, तो पडदो वर गेलो तेव्हा माका रडूक इला. आता आमचीच पोरगी नकाशे काढता, आणि ता पण माका उघड्यावरच बसवता?"

काय बोलणार? माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. मोकळ्या जागेचं सौंदर्य, परंपरा, नि काय काय. पण कडाक्याच्या थंडीत अंगावर जरीचे कपडे चढवून दंवात राजा झालेला माणूस समोर बसला असताना ही भाषणं करायची म्हणजे निर्लज्जपणा. मी नकाशा गुंडाळला आणि चार-आठ दिवस डोकं धरून बसले.

सुचलं ते खारेपाटणला. एका कामासाठी गेले होते, बाजारातून चालत होते. तिथल्या जुन्या दुकानांना दारं नाहीत, उभ्या फळ्या आहेत. वर-खाली खाच, त्यात एकेक फळी सरकवून दुकान बंद करायचं, सकाळी एकेक काढून भिंतीला टेकवून ठेवायची. लहानपणापासून बघितलेल्या त्या फळ्यांकडे मी त्या दिवशी भर बाजारात उभी राहून बघत बसले. दुकानदार म्हणाला, "बाई, काय हवंय?" म्हटलं, "काही नको, तुमचं दार हवंय."

मग नाट्यगृह असं झालं. रंगमंच मधोमध. त्याच्या एका अंगाला छोटं प्रेक्षागृह, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं, आणि रंगमंचावर काकाचा लाल मखमली पडदा. रंगमंचाच्या दुसऱ्या अंगाला, समुद्राकडे, भिंतच नाही. सागवानी फळ्या. पाऊस असला, थंडी असली की फळ्या बसवा आणि आत नाटक करा. हवा चांगली असली की फळ्या काढा, नट पटांगणाकडे तोंड करील आणि अख्खं गाव पायऱ्यांवर बसून बघेल. राजा तोच, रंगमंच तोच, फक्त वळायचं.

काकाने नवा नकाशा बराच वेळ बघितला. "आणि पडदो बटनान वर जातलो?"

"दोरीन."

"दोरीन बरो," काका म्हणाला. "लाइट जाता ना हंय." आणि आमचं भांडण मिटलं.

काम सुरू झालं. कुदळ मारायच्या दिवशी काकाने गाऱ्हाणं घातलं. हे आमच्याकडे चुकत नाही. प्रत्येक जागेला एक राखणदार असतो, तो दिसत नाही, पण जागा त्याची असते. त्याला न सांगता कोणी तिथे कुदळ मारत नाही. साधा गोठा बांधायचा तरी त्याला नारळ द्यायचा, सांगायचं की बाबा, आम्ही हे असं असं करतोय, सांभाळून घे. काकाने उंडीच्या झाडाखाली नारळ ठेवला, राखणदाराला माझ्या वतीने विनंती केली, गड्यांच्या हातापायांना काही होऊ देऊ नको म्हणून सांगितलं. साहेबही हात जोडून उभे होते. मी देवधर्मातली नाही, पण त्या दिवशी मीही जोडले. गाऱ्हाणं ऐकताना हात आपोआप जोडले जातात.

उंडीचं झाड मी नकाशात पहिल्यापासून राखलं होतं. ते पटांगणाच्या बरोबर मध्यावर येत होतं, आणि त्याला मी चिऱ्याचा गोल पार बांधला. रुंद, बसायला, आडवं व्हायला, पोरांना उड्या मारायला. अख्ख्या कामात माझी सगळ्यात लाडकी गोष्ट म्हणजे तो पार.

उद्घाटन थाटात झालं. फीत, भाषणं, फेटे. पडदा दोरीने वर गेला, काकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, माझ्याही. मग फळ्या काढल्या आणि मागे एकदम समुद्र उघडा पडला, तेव्हा बसलेल्या माणसांतून जो 'आऽऽ' असा आवाज निघाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. जिंकले, असं मला वाटलं. खुशाल वाटलं.

दुसऱ्या आठवड्यात मी संध्याकाळी मुद्दाम गावी गेले, लोक पटांगणावर कसे बसतात ते बघायला. वैशाखातली संध्याकाळ, वारा सुटलेला, किनाऱ्यावर यावं अशी वेळ. पटांगणावर बसलेलं माणूस नव्हतं. एकही नाही. रस्त्याच्या कडेला मात्र चपलांची रांग लागली होती. एक बाई अनवाणी आत आली, उंडीच्या झाडाला हात जोडले, प्रदक्षिणा घातली आणि आल्या पावली परत गेली. मी पाराजवळ गेले. पारावर हळदकुंकू. उदबत्त्या. झाडाच्या बुंध्याला लाल फडकं. एक आई पोराला दंडाला धरून ओढत होती, "उतर! पाय लावू नको, देवाची जागा ती!"

आणि मागून कोणीतरी मला हटकलं, "ओ बाई, चपला काढा."

मला! माझ्याच पटांगणावर!

झालं होतं ते असं. उंडीच्या झाडाखाली राखणदाराला नारळ दिला, मग त्याच झाडाला मी पार बांधला, सुंदर, गोल, देवळासमोर असतो तसा. गावाने दोन आणि दोन चार केले. राखणदाराला पार मिळाला म्हणजे तो तिथे बसला. तो बसला म्हणजे ते त्याचं अंगण. आणि देवाच्या अंगणात कोणी चपला घालून येत नाही, भेळ खात नाही, जाळी पसरत नाही, तंगड्या लांब करून गप्पा मारत नाही. कोणी बंदी केली नव्हती. पाटी लावली नव्हती. नुसत्या आदरापोटी सगळ्या गावाने ती जागा सोडून दिली होती.

मी तडक काकाकडे गेले. तो अंगणात सुपारी कातरत होता.

"काका, तू लोकांका सांग, थंय बसाक काय हरकत नाय म्हणान."

"मी खंय कोणाक बसू नको म्हणान सांगितलंय?"

"मगे तो नारळ उचल थंयसून."

काकाचा अडकित्ता थांबला. "तोंड सांभाळ," तो हळू आवाजात म्हणाला, आणि काका हळू बोलला की समजावं, प्रकरण गंभीर आहे. "दिलेलो नारळ कोण परत घेता? तुका शिकवलंय ता ह्या?"

मी काहीतरी बोलले, तो काहीतरी बोलला. काकी चहा घेऊन आली आणि तसाच परत घेऊन गेली. त्यानंतर आम्ही दोघं बोलेनासे झालो.

उपाय मी पुष्कळ केले. बाकं आणून ठेवली, लोकांनी बाकांनाही हात जोडले. दिवे लावले, त्याने तर जागा आणखीच देवळासारखी दिसायला लागली. चहावाल्याला म्हटलं, इथे गाडी लाव. तो जीभ चावून म्हणाला, "नको ताई, थंय उष्टा-खरकटा पडतला." मी त्याच्यासमोर कपाळावर हात मारला.

आणि जे व्हायची भीती होती तेच झालं. पावसाच्या तोंडावर साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्या टेबलावर फाटकाचं चित्र होतं. देखणं होतं, खोटं कशाला बोलू. कमान, रेलिंग, बाजूला तिकीटघर.

"मॅडम, मी तुमचं ऐकलं," साहेब म्हणाले. "तुम्ही म्हणालात लोक येतील. लोक येत नाहीत. गावाला ही जागा नकोय. मग रिकामी का ठेवायची? सीझनच्या आधी फाटक बसवू, पर्यटकांना तिकीट लावू, निदान देखभाल तरी निघेल."

"गावाला नकोय असं नाही हो. गाव मान देतंय!"

"मान देऊन जागा वापरात येत नाही."

हे इतकं खरं होतं की मला आणखीच राग आला. मी म्हटलं, नारळीपौर्णिमेपर्यंत थांबा. त्या दिवशी सगळा किनारा तिथे लोटतो. साहेब म्हणाले, ठीक आहे. त्या दिवशीही पटांगण रिकामं राहिलं तर दुसऱ्या दिवशी मी फाटकावर सही करणार, मग तुम्ही मला काही बोलायचं नाही. मी कबूल केलं. काय करते?

घरी येऊन मी रडले. जिथे मला आयुष्यात कोणी 'कुठे चाललीस' म्हणून विचारलं नाही, तिथे आता तिकीटघरातला माणूस विचारणार होता, आणि खाली पाटीवर आर्किटेक्ट म्हणून माझं नाव असणार होतं. काच लागली असती तर ती फुटली तरी असती. फाटक एकदा लागलं की जन्मभर राहतं.

नारळीपौर्णिमा आली. सकाळभर पाऊस, दुपारी उघडला. गाव वाजतगाजत आलं, बायका ठेवणीतली लुगडी-साड्या नेसून, पुरुष टोप्या घालून. आसपासच्या वाड्यांतून लोक आले. सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला चपला काढल्या. ढीग लागला चपलांचा. मग पटांगणाच्या अगदी कडेकडेने, अंग चोरून, एकामागून एक असे पायऱ्या उतरले, समुद्राला नारळ दिला, आणि तसेच कडेकडेने परत रस्त्यावर. मधलं सगळं मोकळं, पावसाने धुतलेलं, रिकामं.

आणि मग आमच्याकडे या दिवशी जे होतं ते सुरू झालं, नारळ लढवणं. एकाने नारळ हातात घट्ट धरायचा, दुसऱ्याने आपला त्यावर आपटायचा, ज्याचा फुटला तो हरला, नारळ जिंकणाऱ्याचा. बायका यात पुरुषांपेक्षा वस्ताद. पण हे सगळं चाललं होतं कुठे? भर रस्त्यात! गाड्या अडकलेल्या, हॉर्न वाजताहेत, एसटीचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून ओरडतोय, बायका ढुंगणाने गाड्या ढकलत नारळ आपटताहेत. आणि दहा पावलांवर एवढं मोठं पटांगण मोकळं पडलेलं.

साहेब गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आले. त्यांच्या चेहऱ्यावर विजय नव्हता, उलट वाईट वाटत होतं त्यांना. "बघितलंत ना मॅडम," एवढंच म्हणाले.

बस्स. माझं डोकं फिरलं.

काका रस्त्याच्या कडेला मानकऱ्यांबरोबर उभा होता, अनवाणी, खांद्यावर उपरणं. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. अडीच-तीन महिने न बोललेली पुतणी सगळ्या गावासमोर ओरडायला लागली.

"काका, माका एक सांग! राखणदार राखण कोणाची करता? माणसांची काय चिऱ्यांची?"

आजूबाजूचे नारळ थांबले.

"असा काय विचारतंस?"

"सांग! थंय माणूसच नाय, तर तो बिचारो बसलो हा कोणाक राखीत? रिकाम्या दगडांका? पोरां हंय गाडयेखाली येवची वेळ इली, आणि तेची जागा थंय साफ-सुथरी पडलेली! ह्या तेका आवाडता? तुया तेका इचारलंय?"

 मी साहेबांकडे बोट दाखवलं.

"हे साहेब उद्या थंय गेट घालतले. तिकीट लावतले. मगे तुमच्यातलो कोण समुद्राक नारळ देवक इलो तरी तिकीट! जाळी घालूक इलो, तिकीट! आणि काका, तुझो राखणदार कधी फिरान येवक भायर पडलो ना, तर तेकाव आत जावक तिकीट काढूचा लागतला!"

 मग गर्दीत मागे एक म्हातारी फस्सकन हसली, आणि ते हसू रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. साहेब ओशाळले. मला वाटलं, गेलं, आता काका मला गावासमोर झोडपणार.

काका हसला नाही. तो पटांगणाकडे बघत राहिला. एसटीवाल्यानेसुद्धा हॉर्न वाजवायचं थांबवलं होतं. मग त्याने खाली बघितलं, चपलांच्या त्या ढिगातून आपल्या चपला पायाने शोधून काढल्या, आणि त्या पायात घातल्या. सगळं गाव बघत होतं. चपला फट-फट वाजवत तो पटांगणाच्या मधोमध चालत गेला, पारापाशी उभा राहिला, हात जोडले, आणि त्याने तो आवाज लावला.

"बा जागेवाल्या म्हाराजा!"

रस्त्यावरून गाव उत्तरलं, "व्हय म्हाराजा!"

"ही जागा तुझी, हो दर्यो तुझो, आणि ही सगळी तुझीच लेकरां म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तुका मान देवच्या नादान आम्ही तुका एकटो पाडलो म्हाराजा! काय चुकला-माकला आसात ता पोटात घे!"

"व्हय म्हाराजा!"

"आजपासून हंय कोण बसात, कोण नाचात, कोण जाळी सुकत घालीत, कोण चपला घालून येयत, तेका तू आपलो म्हण आणि तेची राखण कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता आवाज एवढा होता की माझ्या अंगावर काटा आला.

काकाने जरा श्वास घेतला. नट तो, कुठे थांबायचं ते त्याला बरोबर कळतं. मान वळवून त्याने साहेबांकडे बघितलं.

"आणि जो कोण ह्या जागेक दरवाजो घालूक बघीत, तेका..."

अख्खा किनारा कान टवकारून उभा. साहेबांचा चेहरा पडला.

"...तेका बरी बुद्धी दी म्हाराजा!"

"व्हय म्हाराजाऽऽ!"

खरं सांगते, त्या गजरात साहेबांचा आवाज मी स्वतः ऐकला. माझ्या शेजारीच उभे होते ते, हात जोडून. आणि म्हणून झाल्यावर आपण काय म्हणालो हे लक्षात येऊन ते इतके जोरात हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

पुढे काय झालं ते सांगायला हवं का? बायका आधी शिरल्या. चपला घालून, पदर खोचून, नारळाच्या पिशव्या सांभाळत. त्यांच्यामागे पोरं. मग पुरुष. रस्ता मोकळा झाला, एसटी गेली, जाताना ड्रायव्हरने हात दाखवला. पटांगणावर नारळ आपटायचा जो कडकडाट सुरू झाला तो उंडीच्या पानांतून पावसाचं पाणी टपटप गाळत होता. चहावाल्याने विचारलंसुद्धा नाही, गाडी थेट पायऱ्यांपाशी आणून उभी केली. काकी पारावर मांडी घालून बसली आणि तिने एकापाठोपाठ एक नारळ फोडत दोन तरण्या पोरांना रिकाम्या हाताने घरी पाठवलं. कोणीतरी फळ्या काढल्या, काका रंगमंचावर चढला आणि कसलंही कारण नसताना राजाचं एक लांबलचक भाषण त्याने सुरू केलं. कोणी ऐकत नव्हतं. तो तरीही बोलत होता.

साहेबांनी माझ्यासमोर फोन लावला. "ते फाटकाचं राहू दे," ते म्हणाले, "काढून टाका यादीतून." फोन खिशात टाकून मला म्हणाले, "मॅडम, आपण हरलो."

"आपण नाही, तुम्ही," मी म्हटलं. माझा स्वभावच तसा. मग दोघांनी मिळून चहा घेतला, त्यांनी कप स्वतः नेऊन ठेवला.

ऊन उतरायला लागलं होतं आणि माझे पाय भरून आले होते. सगळा दिवस मी उभी होते. म्हटलं, आता आपल्या पारावर जरा टेकावं, हक्काने. गर्दीतून वाट काढत गेले. एवढीशी जागा दिसली, दोन बायकांच्या मध्ये. बसले, पाठ टेकली, डोळे मिटले. एवढ्यात खांद्यावर थाप पडली. एक ठसठशीत बाई, मी कधी न बघितलेली, कुठल्यातरी लांबच्या वाडीवरची. हातात तीन फुटके नारळ आणि नजर माझ्यावर रोखलेली.

"उठ गो बाय. हंय माझी व्हनी बसलेली, नारळ घेवक गेली हा. ती येतली आता."

"अहो, पण मी..." मी म्हणायला लागले, "ही जागा मी..."

"मी मी काय करतंस?" बाई कडाडली. "जागा काय तुझ्या बापाशीची आसा?"

"नाय गो बाय," मी म्हटलं, "नाय, अजिबात नाय!" आणि मला इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ती बाई माझ्याकडे वेड्या माणसाकडे बघावं तशी बघत होती. मी उठले, तिला तिची जागा दिली, आणि बसायला कुठे मिळतंय का ते बघत पायऱ्या उतरून खाली वाळूत गेले.